साठ किलो गूळ

८ जुलै, सोम.
वजन ६४.२ (सकाळी, चहाआधी).
काल जेवताना बोलून बसले. आता मागं घेणं नाही.
शंकरभावजी बन्नूरहून आले होते, तुलाभाराचं ठरवायला. गेल्या वर्षी चिकुनगुनियात मी एक्कावन्नवर आले होते, गालफडं बसली होती. तेव्हा सासूबाईंनी बन्नूरच्या देवीला नवस बोलला, सून भरून दे, तिच्या वजनाइतका गूळ वाहीन. तो आता श्रावणात फेडायचा. आमच्या घरची रीत म्हणजे गूळ घरच्या उसाचा आणि एकाच कढईचा. दुसऱ्या कढईचा खडा मिसळायचा नाही. म्हणून आकडा आधी सांगावा लागतो.
भावजींनी विचारलं, "वहिनी, किती धरू?"
हे ताटावरून मान वर न करता म्हणाले, "दोन कढया लाव रे."
सगळे हसले. सासूबाईसुद्धा.
मी म्हटलं, "साठ. श्रावणात साठ होऊन दाखवते. एक खडा जास्त आणू नका."
हसू थांबलं. मला फार बरं वाटलं.

१० जुलै, बुध.
आषाढ लागला. लग्नं बंद, दुकानात माशा. वर्षात हीच काय ती फुरसत.
दुकानामागच्या गल्लीत सायकलवाल्याच्या माडीवर बायकांची जिम आहे. लष्कर मोहल्ल्यात निम्म्या बायकांचे ब्लाउज मी शिवते, तरी मला हे माहीत नव्हतं. शिकवणारी कावेरी, तिशीतली मुलगी, दंड असे की बाही शिवताना मला वेगळा कागद कापावा लागेल.
म्हणाली, "अक्का, आधी काय करत होता?"
म्हटलं, चालते. तळ्याला रोज फेरी. गेल्या वर्षीच्या तापाचंही सांगितलं.
"चाला, चांगलंच आहे. पण तापात तुमचे स्नायू गेलेत, नंतर भरलं ते वेगळं. आता उचलायला पाहिजे."
डॉक्टरही तेव्हा हेच म्हणाले होते. मी ऐकलं नव्हतं. आज नुसती लोखंडी दांडी खांद्यावर घेऊन उठाबशा काढल्या. आरशात हमालासारखी दिसत होते. आवडलं.

११ जुलै, गुरु.
बसता येत नाही. बसलं तर उठता येत नाही. मशीनचं पायडल मारताना "अय्यो" निघालं, गिऱ्हाईक घाबरलं.
तरी तुलाभाराचा ब्लाउज कापला. हिरवं रेशीम, सासूबाईंनी दिलेलं. मापं आजची नाही घेतली, साठ किलोची घेतली. कंबर दोन इंच कमी, दंड अर्धा इंच कमी. शिवणीत जागाही सोडली नाही. सोडली की मन तिथं जातं.

१३ जुलै, शनि.
व. ६५.३.
काटा बिघडला म्हणून पाच किलोची रागीची पिशवी ठेवून पाहिली. पाच दाखवलं. काटा बरा आहे.
काटा सासूबाईंच्या खोलीच्या दारात असतो, घरात तेवढीच फरशी सपाट. त्या खाटेवरून रोज विचारतात, "किती ग?"
"तेवढंच," म्हटलं.
"हं."

१५ जुलै, सोम.
व. ६५.५. आज कावेरीशी भांडले.
म्हटलं, तू मला बारीक करतेस की पोसतेस? घाम गाळते, कण्हत घरी जाते, आणि जवळजवळ दीड किलो वाढलं? ती हसली. मला हसलेलं चालत नाही.
मग नीट सांगितलं तिनं. नवीन जोर पडला की स्नायूत बारीक बारीक इजा होते. ती भरून येईपर्यंत तिथं पाणी धरून राहतं, म्हणून दुखतं आणि जड होतं. शिवाय काम पडायला लागलं की स्नायू आपलं इंधन जास्त साठवतो, त्या साठ्याबरोबर परत पाणी. "चार-पाच दिवसांत दीड किलो चरबी चढायला तुम्ही काय खाल्लं असतं ते आठवा. तेवढं खाल्लंत का?"
नाही खाल्लं.
"मग ते पाणी. काही आठवडे काटा वर जाईल, अक्का. त्यानंतर खरा स्नायू धरेल, तोही हलका नसतो. काट्याला पाणी, हाड, चरबी काही कळत नाही. सगळं एकत्र सांगतो."
सगळं पटलं. पण श्रावण काही थांबत नाही. म्हटलं, मला कारण नको, साठ पाहिजे. म्हणाली, "साठ पाहिजे तर एक हात कापून ठेवा." उद्धट आहे. पण उद्धट माणसं खोटं बोलत नाहीत.

१९ जुलै, शुक्र.
आषाढ शुक्रवार. पहाटेपासून गल्लीतल्या बायका इथला देवीचा डोंगर चढायला. मी पण पायऱ्यांनी गेले. गेल्या वर्षी नंदीपाशी बसकण मारली होती, यंदा न थांबता वर. देवीला हात जोडून सांगितलं, पाय दिलेस, आता काट्याचं बघ.
व. ६५.८.
हे म्हणाले, "लोखंड उचलतेस की खातेस?"
म्हटलं, खाते. उद्या डब्यात तुम्हालाही देते.

२२ जुलै, सोम.
मूर्खपणा केला. काल रात्री जेवले नाही, आज सकाळी नुसती कॉफी. बांगड्या काढून, केस टॉवेलनं पिळून कोरडे करून काट्यावर उभी राहिले. ६५.१. आनंदानं जिमला गेले आणि दांडी हातात घेतल्यावर डोळ्यांपुढं काळं झालं. कावेरीनं धरलं.
तिनं आवाज चढवला नाही. भाकरीचा तुकडा आणि दोन उकडलेली अंडी पुढं ठेवली आणि मी खाईपर्यंत समोर उभी राहिली. मग म्हणाली, "उपाशी राहिलात तर आधी स्नायू जाईल. गेल्या वर्षी गेला तसाच. परत आणायला मग मी नाही."
गेल्या वर्षी मला तांब्या उचलत नव्हता. सासूबाईंनी चमच्यानं पेज भरवली. 
परत नाही करणार.

२५ जुलै, गुरु.
व. ६६.१.
दुपारी भावजींचा फोन. मागं आलेमनेचा, म्हणजे गुऱ्हाळाचा आवाज, चरकाची घरघर. "वहिनी, उद्या आपली कढई चढते. देवीचा गूळ बाजूला काढून बाकी मंडीत घालतो. साठच ना?"
गिऱ्हाईक समोर उभं, गळ्यात टेप, तोंडात टाचण्या.
टाचण्या काढल्या आणि म्हटलं, "साठच."
का म्हटलं? सहासष्ट म्हणायला काय जिभेला हाड होतं? पण ह्यांचा तो "दोन कढया" कानात होता. आणि अजून दिवस आहेत. उतरेल. मी ठरवलेलं आजवर राहिलं नाही, हेही राहणार नाही.

३० जुलै, मंगळ.
सिलिंडरवाल्यानं सिलिंडर खालीच ठेवला, बरोबर पोरगा नाही म्हणून वर आणायला तयार नाही. मी म्हटलं सरक. पाठ सरळ, पोट आवळून, पायातून उचलला. कावेरी शिकवते तसंच. दोन जिने. स्वयंपाकघरात ठेवला तेव्हा हे पेपर हातात घेऊन दारात उभे होते. बाजूला सरकले. पंचवीस वर्षांत पहिल्यांदा टोमण्याशिवाय.
संध्याकाळी सासूबाईंचे दोन ब्लाउज आत घेतले. यंदा तिसऱ्यांदा. सुती कापड धुऊन धुऊन ढिलं पडतं, नवीन शिवायला हवेत.
व. पाहिलं नाही.

५ ऑगस्ट, सोम.
श्रावण लागला आणि दुकानात रीघ. सगळ्यांना वरमहालक्ष्मीच्या सणाच्या आत ब्लाउज हवेत. मान मोडून काम. पूर्वी चारला मान आखडायची, आज दिवे लागले तरी आखडली नाही.
एक बाई म्हणाली, "रत्नाक्का, बारीक झालात." माझ्या तोंडाकडं बघून बोलली, म्हणजे उधारीवर शिवायचं असणार.
ती गेल्यावर आडोशाला जाऊन स्वतःला टेप लावला. कंबर दीड इंच कमी. परत लावला, सैल धरला, आवळून धरला, तरी दीड. दंड अर्धा इंच जास्त.
व. ६६.०.
तीस वर्षं टेपवर पोट भरते. कुणी बाई "वजन वाढलं हो" म्हणत आली तर मी सांगते, वजन कुणी अंगात घालत नाही, माप सांगा. आणि स्वतः महिनाभर त्या डबड्यावर उभी राहून रडते आहे. आज खूप हसले, एकटीच.

९ ऑगस्ट, शुक्र.
हिरवा ब्लाउज घालून पाहिला.
कंबर जवळजवळ बरोबर. दोन इंच कमी कापली होती, जरा ओढतो पण हुक लागले.
दंड आत जाईना. कोपराच्या वर अडकला. ओढला तर टरकन आवाज.
आत जागा सोडली असती तर उसवून काम झालं असतं. गिऱ्हाइकांच्या सात पिढ्यांना जागा सोडणारी मी, स्वतःच्या ब्लाउजला सोडली नाही. बाही काढून टाकली. त्याच रेशमाचा उरलेला तुकडा होता, त्याची नवी कापली, दंड होता तेवढा.
म्हणजे कंबरेचं मी खरं केलं. दंडाचं आणि गुळाचं खोटं पडलं.

१२ ऑगस्ट, सोम.
व. ६५.८. उद्या तुलाभार. साठ किलो गूळ बन्नूरला बांधून तयार.
संध्याकाळी सासूबाईंजवळ बसले. पाय चेपून देताना सांगून टाकावं असं फार वाटलं. उद्या पारडं उठणार नाही, चुलत, मावस सगळं गोत समोर असेल, नवस अर्धा राहील आणि तो माझ्या तोंडामुळं. त्यांनी वर्षभर एवढ्याच दिवसाची वाट पाहिली आहे. मला हसतील त्याचं मला काही नाही. त्यांचा नवस मोडला तर मात्र मला घास जाणार नाही.
एवढंच म्हणाले, "अत्ते, माझं वजन जरा वाढलंय."
त्या डोळे मिटून होत्या. म्हणाल्या, "माझ्या सासऱ्यांच्या वेळी आपल्या परसात रंगाचे हौद होते. कोरडं लुगडं दोन बोटांवर यायचं, हौदातून काढलं की दोन बायका लागायच्या. लुगडं तेच."
म्हटलं, "कावेरी पण तेच सांगते. पाणी."
"कोण कावेरी?"
महिनाभर त्यांना सांगितलंच नव्हतं मी कुठं जाते ते. सांगितलं. दांडी, उठाबशा, सिलिंडर, सगळं. ऐकत होत्या की झोपल्या, कळलं नाही. आकडा सांगायचा राहिलाच.

१३ ऑगस्ट, मंगळ. (बन्नूरहून येताना गाडीत लिहिते आहे, अक्षर हलतंय.)
देवळात पन्नासएक माणसं. सागवानी तुळई, दोन बाजूंना साखळ्यांची पारडी. भावजींची गाडी देवळाखाली, आणि भावजी कमरेला पट्टा बांधून. काल गोण्या चढवताना लचक भरली म्हणे.
हे पुढं झाले. मी म्हटलं सरका.
तीस किलोची गोणी छातीशी घेतली, पायऱ्या चढून वर ठेवली. खाली आले, दुसरी घेतली. हिरवा ब्लाउज कुठंही टरकला नाही. चुलत जाऊबाई म्हणाल्या, "अग तुझाच भार तूच वाहतेस?" सासूबाई खांबाला टेकून बसल्या होत्या. बघत होत्या, दुसरीकडं बघतच नव्हत्या.
मी पारड्यात बसले. गुळाच्या बाजूला पहिला खडा सासूबाईंनी ठेवला. मग सगळे ठेवत गेले. एक गोणी संपली. दुसरी संपली.
पारडं हललं, पण उठलं नाही. माझी बाजू जमिनीलाच.
पुजारी म्हणाले, "इन्नू बेकु." अजून पाहिजे.
भावजी माझ्याकडं बघायला लागले. बिचाऱ्यांचा काय दोष. मी पारड्यातूनच म्हटलं, सगळ्यांना ऐकू जाईल असं, "भावजींनी विचारलं होतं. मी साठ सांगितलं. मी सहासष्ट आहे."
हे हसले नाहीत. मला वाटलं होतं हसतील. म्हणाले, "उठ, आपण कुठूनतरी आणू," आणि मग त्यांनाच रीत आठवली. एकाच कढईचा. त्या कढईचा बाकीचा गूळ कधीच मंडीत विकला गेला.
माझे डोळे भरले. सासूबाईंकडं बघवेना.
मग त्यांचाच आवाज आला. "शंकर, सीटखालची गोणी काढ."
भावजींनी कपाळावर हात मारला आणि पट्टा धरून धावत गेले. दहा किलोची लहान गोणी. त्याच कढईची. कढई चढली त्या दिवशी सासूबाईंनी ह्यांच्या फोनवरून भावजींना सांगितलं होतं, दहा वेगळे ठेव, येताना सीटखाली घाल, कुणाला बोलू नको. भावजी विसरले होते.
सासूबाईंनी स्वतः ठेवायला घेतलं, दोन्ही हातांनी एकेक ढेप. पारडं सुटलं, समान झालं. पुजाऱ्यांनी हात वर केला, झालं म्हणून. त्या थांबल्या नाहीत. होता तेवढा सगळा ठेवला. गुळाची बाजू खाली गेली आणि मी वर, अधांतरी. लोक हसले, मी पण रडत हसले.
म्हटलं, "अत्ते, साकु. पुरे."
म्हणाल्या, "तुझ्या 'तेवढंच'वरून मला कळत होतं. मी देवीला काय मागितलं होतं? सून भरून दे. साठ दे असं म्हटलं होतं का? तू रोज काट्यावर उभी राहून माझ्या नवसाला शिव्या देत होतीस."
मी वरूनच त्यांना हात जोडले.
पारड्यात पडलेलं परत निघत नाही. म्हणजे देवीकडं माझ्यापेक्षा चार किलो जास्त गेलेत.

१४ ऑगस्ट, बुध.
हे सकाळी म्हणाले, "चार किलो वर दिलेत, आता तेवढी हो." चिडवत होते की काय, तोंडावरून कळलं नाही. चहा मात्र त्यांनी केला होता.
कावेरीला गूळ नेऊन दिला. तिनं हात धुऊन घेतला, डोळ्याला लावला, आणि दांडीला पाच किलो वाढवले.

१९ ऑगस्ट, सोम.
वरमहालक्ष्मीची गर्दी सरली. आज जरा उसंत, म्हणून काटा उचलून माळ्यावर ठेवायला निघाले. मला आता तो लागत नाही, टेप पुरतो.
सासूबाई म्हणाल्या, "ठेव खाली. मला उभी कर."
हसत उभं केलं. खांद्याला धरलं होतं, आकडा चुकेल म्हणून सोडलं. दोन पाय काट्यावर, हात माझ्या दंडाजवळ हवेत.
३८.९.
"किती ग?"
मी म्हटलं, "तेवढंच."
"खरं सांग. गेल्या दसऱ्याला दवाखान्यात पंचेचाळीस भरले होते."
मी खाली बसले. यंदा तीनदा आत घेतलेले ते ब्लाउज. तिन्ही वेळा टेप माझ्याच हातात होता, आणि मी कापडाला दोष देत होते. दुसऱ्या कुठल्या बाईचं एवढं उतरलं असतं तर मी तिला हाताला धरून डॉक्टरकडं नेलं असतं.
त्या काट्यावरून उतरायला तयार नाहीत. उभ्याच. म्हणाल्या, "हौदातून लुगडी मी एकटी काढायची, दोन बायका मला लागत नव्हत्या. खोटं वाटत असेल तर बन्नूरच्या कुणाही म्हातारीला विचार."
"खोटं कशाला वाटेल."
"ती तुझी कावेरी. म्हाताऱ्यांना घेते का?"
डॉक्टरांची वेळ घेतली आहे, उद्या अकराची. डॉक्टर हो म्हणाले तर तिथूनच कावेरीकडं. ती माडी आहे, जिना अरुंद आहे, कठडा एकाच बाजूला आहे. चढतील का कोण जाणे. नाही चढल्या तर माझे दंड आहेत.
काटा परत दारात ठेवला.